तालमीसमोरची खुर्ची

मंगळवार पेठेत तालमीसमोर एका न्हाव्याचं दाढी-कटिंगचं दुकान आहे. वस्तरा चालू असताना तो बोलत नाही. बोलायचं असलं की आधी वस्तरा गालापासून लांब धरतो. कालपरवा लंगोट बांधायला शिकलेल्यालाही तो ‘पैलवान’ म्हणतो. अनोळखी माणूस तेवढा ‘पावणं’.

त्या सकाळी दुकानात वाद पेटला होता. ठरवून हरल्याचा, नुरा कुस्ती खेळल्याचा ठपका घेऊन तालीम सोडून गेलेला पैलवान आता वस्ताद म्हणून परत येत होता.

“चुकलं आसंल, पर आपलंच हाय की,” एकजण म्हणाला.

“मातीच इकली त्यानं,” दुसरा उसळला.

“तुम्हाला काय वाटतं?” मी खुर्चीतूनच न्हाव्याला विचारलं. वस्तरा गालापासून लांब गेला, पण तो बोलला नाही.

माझी दाढी संपते तोच तो पैलवान दारात उभा राहिला. त्याची पहिली दाढी याच खुर्चीत झाली होती.

न्हाव्यानं फडका झटकला. “बसा, पावणं.”

पैलवान बसला, पण मान खाली गेली. ती वर घ्या, असं यानं सांगितलं नाही. वस्तरा उघडून तो नुसता उभा राहिला.