वापरण्याआधीचं तोंड

मालकीणबाईंनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि माझं तोंड ट्यूबलाइटकडे वळवलं.

"हिचाच घ्या," त्या फोटोग्राफरला म्हणाल्या. "हिच्यापेक्षा खराब गाल शोधून सापडायचे नाहीत."

मग पर्समधून रुमाल काढून त्यांनी ती दोन बोटं पुसली. माझ्यासमोर. एकेक करून.

अंधेरीला, मरोळच्या बाजूला एका गाळ्यात तोंडाला लावायच्या क्रीमचा कारखाना होता. साल पंच्याऐंशी. बाबांची गिरणी बंद पडलेली, कॉलेजचं नाव काढायची सोय नव्हती. मी तिथं बरण्या भरायचे. मालकीणबाई पार्ल्याच्या. गरीब मुलींना काम देतात म्हणून महिला मंडळात त्यांचे सत्कार व्हायचे. आम्हाला त्या 'माझ्या मुली' म्हणायच्या. मुलींचे चहाचे कप वेगळे होते.

मला पंधराव्या वर्षी मुरुमं आली. नुसती मुरुमं नाहीत, गाठी. पिकायच्या, ठणकायच्या. मालवणची माझी आई ओरडायची, "चेडवा, तोंडाक हात लाव नको!" मी ऐकलं नाही. सेफ्टीपिनेनं फोडली. टूथपेस्ट लावली, लिंबू चोळलं, जायफळ उगाळलं. कुणीतरी सांगितलं म्हणून सकाळची शिळी थुंकीही लावली. सांगतानासुद्धा किळस येते. "नीट धूत नसशील," असं शेजारणी म्हणायच्या, म्हणून दिवसातून सहा वेळा साबणानं तोंड घासायचे. फोड गेले. खड्डे राहिले.

आणि सगळ्यात मोठा मूर्खपणा पुढेच आहे. त्या क्रीममध्ये काय असतं हे आम्हालाच तर ठाऊक होतं. मेण, तेल, पाणी आणि वास. पिंप आम्हीच ढवळायचो. तरी झाकण चेपलेली बरणी हाती लागली की आम्ही ती घरी नेऊन भक्तिभावानं गालांना चोळायचो. कारण बरणीवर 'मुरुमं, डाग, खड्डे जातील' असं छापलेलं होतं. आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या पिंपापेक्षा छापलेली अक्षरं आम्हाला खरी वाटायची.

फोटो काढून झाल्यावर बाई म्हणाल्या, "ही साडी उद्या धुऊन आण. गरम पाण्यात हं. माझ्या भाचीला नेसायचीय."

कशाला, ते मी विचारलं नाही. माझी एकुलती एक चांगली निळी साडी उकळत्या पाण्यात घातली आणि नेऊन दिली. बदल्यात बाईंनी दोन बरण्या दिल्या.

महिन्याभरानं पत्रकं छापून आली. डावीकडे मी. खाली लिहिलेलं, 'वापरण्याआधी'. उजवीकडे तीच साडी, तशीच वळवलेली मान आणि भाचीचे गुळगुळीत गाल. खाली 'तीन महिन्यांनंतर'. दोघींच्या डोळ्यांवर काळी पट्टी, म्हणजे बाई एकच वाटावी. पत्रकाची घडी घालून बरणीबरोबर खोक्यात टाकायचं काम नेमकं माझ्याकडे आलं. दिवसभर मी माझंच तोंड दुमडून खोक्यात कोंबत होते. शी!

घाटकोपरला आमच्या चाळीत शेजारच्या काकू एके दिवशी ते पत्रक घेऊन आल्या. त्यांच्या मुलीच्या गालांवर माझ्यासारख्याच गाठी होत्या.

"पट्टी मारली तरी मी तुला ओळखलं गं," काकू म्हणाल्या. "तुझा फोटो बघून दोन बरण्या आणल्या. पण मग तुझं का नाही गेलं?"

मी म्हटलं, "वेळ लागतो, काकू."

खोटं बोलले. नोकरी जाईल म्हणून. काकूंनी मान डोलावली आणि तिसरी बरणी आणायला गेल्या. त्या दिवशी मला बाईंपेक्षा माझी जास्त किळस आली.

पुढच्या सोमवारी खाडा करून मी म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी उघड्या हातानं माझे गाल चाचपले. म्हणाल्या, "डाग वेगळा आणि खड्डा वेगळा. डाग नुसता रंगाचा असतो, हळूहळू फिकट होतो. खड्डा म्हणजे आतली कातडी गेलेली असते. ती क्रीमनं भरून येत नाही. कुठल्याच नाही."

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

कातडी यंत्रानं घासून खड्डे थोडे उथळ करता येतात, त्यांनी सांगितलं. पूर्ण जात नाहीत, आणि आपल्या रंगाच्या कातडीवर काळं पडायची भीती असते. "मुरुमं अस्वच्छतेनं येत नाहीत. नवीन आली तर फोडू नकोस, लगेच इकडे ये. वेळेत औषध घेतलं तर खड्डे पडायचे टळतात."

टळतात. म्हणजे काकूंच्या मुलीचे अजून टळले असते. आणि मी तिला बरण्या चोळायला लावत होते. तरी नोकरीच्या भीतीनं दसऱ्यापर्यंत काकूंना हे सांगितलं नाही.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची. व्यापारी यायचे. बाहेरचं कुणी आलं की मला मागच्या गोदामात बसवायचे. त्या दिवशीही बसवलं. पेढे वाटण्याचा गलका ऐकला आणि मी उठून बाहेर आले. एक व्यापारी पत्रक हातात धरून विचारत होता, "बाई, खरंच जातात का हो खड्डे?"

"फोटो आहेत ना!" बाई हसून म्हणाल्या.

"डावीकडची मी आहे," मी म्हटलं. "उजवीकडची ह्यांची भाची. साडी माझी."

बाईंचा चेहरा उतरला. "पायरी ओळखून बोल!"

"मी माझ्या तोंडाबद्दल बोलतेय."

व्यापाऱ्यानं माझ्या गालांकडे पाहिलं, पत्रकाकडे पाहिलं, पेढा तोंडात टाकला. माल त्यानं घेतलाच. मला त्याच दुपारी काढलं.

घरी जाऊन काकूंना सगळं सांगितलं. त्या ताडताड बोलल्या, "तेव्हा जीभ झडली होती काय गं तुझी?" त्यांचं चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीला घेऊन हॉस्पिटलच्या रांगेत उभी राहिले. तिच्या एका गालावर तोवर खड्डे पडले होते. ते माझ्या खोट्याचे आहेत. मी ते विसरणार नाही.

माझे खड्डे आहेत तसेच आहेत. घासून घ्यायचे की नाही, ते मी आणि डॉक्टर ठरवू. पण माझं तोंड दाखवून कुणी दुसऱ्या मुलीला फसवत असेल, तर तिथल्या तिथे, चार लोकांत बोलेन. त्यानं एक नोकरी गेली. दुसरीही जाईल. जाऊ दे.