थांबलेला झारा

कराडच्या नदीघाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावर फौजेतून निवृत्त झालेला एक म्हातारा गाड्यावर शेंगदाणे भाजायचा. धुक्यातून तिरडी आली, की झारा ठेवून तो ताठ उभा राही. ती नदीकडं विरून गेली, की स्वतःशीच म्हणे, "कॅरी ऑन."

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकत होतो, तरी त्याला अर्थ विचारला.

"सायेब आला की समद्यांनी उभं ऱ्हायचं. त्यो 'कॅरी ऑन' म्हनला, की थांबलेलं काम पुन्ना हातात घ्यायचं. त्यो म्हनंस्तवर हालायचं न्हाई."

पुढं एका तिरडीवर त्याचीच बायको गेली.

सुतक फिटल्यावर गाडा पुन्हा लागला. दाणे करपत होते आणि तो नदीकडं बघत ताठ उभा होता. बराच वेळ गेला. शेवटी मीच हळू म्हणालो, "कॅरी ऑन, बाबा."

त्यानं झारा उचलला.