डांडीत बसवलेले आजोबा

उपेंद्र पालेकर रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की आधी बिल्डिंगच्या मागच्या नळावर जात. टर्पेंटाइनच्या चिंधीने एकेक नख पुसत, मगच वर येऊन बेल वाजवत. घरात रंगाचा वास आलेला छायाकाकूंना खपत नसे. आम्ही शेजारी. जिन्यात टर्पेंटाइनचा वास दरवळला की काका आले, हे आम्हाला कळायचं.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये ते बोर्ड रंगवत. नव्याण्णव साली कंपनीला दुबईतल्या एका नव्या रेस्टॉरंटचं काम मिळालं. भिंतभर इंग्रजांच्या काळातली मसुरी हवी होती: देवदार, धुकं, छत्र्या धरलेल्या मडमा आणि चढावर डांडी, म्हणजे चार हमालांनी खांद्यावर वाहायची खुर्ची.

काकांनी मसुरी पाहिली नव्हती. त्यांचे आजोबा मात्र पुण्याच्या एका लष्करी साहेबाकडे नोकर होते. दर उन्हाळ्यात साहेब मसुरीच्या पायथ्याच्या राजपूरहून डांडीत बसून वर जाई. आजोबा मागून अनवाणी चालत, कडेवर साहेबाचं कुत्रं घेऊन. खडीने त्याचे पंजे सोलवटू नयेत म्हणून. एका वर्षी साहेबाने हिवाळाही तिथेच काढला. आजोबा परतले तेव्हा त्यांच्या पायाची दोन बोटं गेली होती.

काकांनी डांडीत आजोबांना बसवलं. पागोटं, धोतर, पायांवर शाल.

रेस्टॉरंटचा मॅनेजर सुजीत पुण्याचाच. भिंतीपाशी येऊन तो हसलाच. "उपेंद्रभाऊ, हे कोण बसलेत? सत्यनारायणाला आलेत का?"

"माझे आजोबा."

"अहो, आपण नॉस्टॅल्जिया विकतोय! गोरे गेस्ट येणार. यांना खाली उतरवा, साहेब बसवा. यल्ला, चला लवकर, गुरुवारी ओपनिंग आहे."

घरी काका म्हणाले, "नाही बदललं तर?"

"तर व्हिसा जाईल," छायाकाकू म्हणाल्या. "आपल्या शुभ्राची शाळा कोण बघणार? आजोबा?"

काकांनी साहेब रंगवला. पण ऑइलपेंटवर डिस्टेंपर धरत नाही, हे रंगाऱ्याला सांगावं लागत नाही. त्यांनी मुद्दाम डिस्टेंपरच वापरला. साहेब कधीतरी गळून पडेल. तोवर शुभ्राची बारावी होईल, आपण गावी गेलेलो असू. हे त्यांनी माझ्या बाबांना हसत सांगितलं होतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये दुरुस्तीसाठी रेस्टॉरंट बंद ठेवलं, एसीही बंद. इथे इतकी वर्षं काढूनही काकांना हे सुचलं नव्हतं. दमट हवा आत कोंडली आणि साहेबाचे पापुद्रे सुटले. सुजीतने दार उघडलं तेव्हा डांडीत आजोबा होते, मांडीवर साहेबाचा अर्धा चेहरा.

कंपनीने एका शब्दात संपवलं: खलास. व्हिसा रद्द झाला. दुसऱ्या रंगाऱ्याने साहेब परत बसवला, या वेळी ऑइलपेंटमध्ये.

शुभ्रा दहावीत होती. "बाबा, इट वॉज जस्ट अ वॉल," एवढंच ती म्हणाली. छायाकाकूंनी खोकी भरायला घेतली. निघायच्या दिवसापर्यंत त्या घरात फक्त सामान बांधायच्या टेपचा आवाज येत होता.

काका दोन वर्षांनी चिपळूणला वारले. आम्हाला ते शेवटचे दिसले ते टॅक्सी खाली उभी असताना, जिन्यात. लिफ्ट बंद होती. छायाकाकू सर्वांत जड बॅग स्वतःच ओढत उतरत होत्या, मागे न बघता.

"छाया, ती मला दे," काका म्हणाले. "मी घेतो खांद्यावर."