आवडतो म्हणून

शालिनीबाईंना मी प्रथम पाहिले ते लातूरच्या कॉलेजात, इतिहासाच्या पहिल्या तासाला. पोपटी साडी, ओठांना लाली. मागच्या बाकावर कुणी तरी कुजबुजले, “प्राचार्यांची मंडळी असंल.” बाईंनी ते ऐकले. “प्राचार्यांचं लग्न झालंय, पण माझ्याशी नाही. वह्या काढा.”

जिल्हा नवा होता आणि नळ कोरडे. टँकरसाठी निघणाऱ्या बायकांच्या मोर्चात बाई पुढे असत, त्याच लालीसह. एका ज्येष्ठ कार्यकर्तीने त्यांना सर्वांसमक्ष विचारले, “नटणं ही बायकांची बेडी. ती तुम्ही मिरवता?”

बाई म्हणाल्या, “नटायला भाग पाडतात ती बेडी. नटू देत नाहीत तीही बेडीच. ओठ माझे आहेत, घोषणा आपल्या सगळ्यांच्या.”

तेव्हा मला ते पटले नव्हते. घागरी घेऊन ताटकळणाऱ्या बायकांपुढे रंगाची गोष्ट काढावी का, असे वाटे.

मग वेळ माझ्यावर आली. मी रेणापूरहून एसटीने कॉलेजला येई. आमच्या घरात सातवीपुढे कुणी शिकलेले नव्हते. मी पंजाबी ड्रेस शिवला तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावले, “हे फ्याशन न्हाई चालायचं. उद्यापासून कॉलेज बंद.”

हे कळताच बाई स्वतः घरी आल्या. चहा देता देता आईने वाट काढली, “लुगड्यापरीस ड्रेस धुवायला पानी कमी लागतंय. सांगा की बाई, यान्ला.”

त्या दुष्काळात आबांनी ते कारण मान्य केले असते. बाईंनी नुसती मान हलवली असती तरी माझे शिक्षण वाचले असते. मी त्यांच्याकडे एकटक पाहत होते.

“पाणी वाचतं, खरं आहे,” बाई म्हणाल्या. “पण पाऊस पडला की मग ड्रेस काढून ठेवायचा का? तिला आवडतो म्हणून ती घालते. एवढं कारण पुरे आहे, आबा.”

आबा उठून बाहेर गेले. मला बाईंचा संताप आला. सगळे बुडाले, असेच वाटले.

सकाळी मी भीत भीत तोच ड्रेस घालून निघाले. आबा चपला घालून सोबत आले. स्टँडवर एकाने हटकले, “काय आबा, पोरीला फ्याशन सुचायलंय का?”

आबांनी एसटीत माझ्यासाठी जागा धरली आणि खिडकीतूनच उत्तर दिले, “व्हय. आवडायलंय तिला.”

आज मी पदवीधर आहे, आणि बाई साठ वर्षांच्या. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आमच्या सोयीची सबब त्यांनी यापुढेही कधी स्वीकारू नये.