आबांची जीभ आणि 'नेव्हर'ची खुंटी

दोंडाईच्याच्या आसपासच्या दहा-बारा गावांत शालिग्राम आबांनी मान हलवल्याशिवाय लग्नाची पंगत बसत नाही. आचाऱ्यानं भाजीचं पातेलं उतरवलं की पहिली वाटी आबांकडे येते. आबा टोपी सारखी करतात, बोट बुडवतात, जिभेला लावतात आणि डोळे मिटतात. मांडवातली भुकेली माणसं त्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहतात. मग आबा म्हणतात, "रंगत उनी!" आणि वाढप्यांची एकच धांदल उडते. गेल्या तीस वर्षांत रंगत आली नाही असं एकदाही घडलं नव्हतं, पण ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. उपाशी माणूस असल्या गोष्टी मोजत बसत नाही.

घरी मात्र ही जीभ रजेवर असे. धुरपदाबाईंनी सेहेचाळीस वर्षं त्यांना रांधून वाढलं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, डुबुकवड्यांची भाजी, काय नाही केलं त्या बाईनं! आबा खाली मान घालून जेवायचे, हात धुवायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "घरनं शे, त्यानं काय सांगनं?" बायकोला चांगलं म्हटलं की भाजी बिघडते, असा त्यांचा सिद्धांत होता. असले सिद्धांत पुरुषांना भरल्या पोटीच सुचतात.

बिंग फोडलं ते नातीनं. कामिनी चौथीत. तिला शिकवणाऱ्या सारिका मॅडम रोज धुळ्याहून बसनं यायच्या. इंग्रजी शिकवायला त्यांनी वर्गाच्या भिंतीवर पाच खुंट्या ठोकल्या होत्या. पहिली 'ऑलवेज'ची, म्हणजे नेहमीची. मग युज्वली, ऑफन, समटाइम्स असं उतरत उतरत शेवटची 'नेव्हर'ची, म्हणजे कधीच नाही. पोरांनी घरातल्या एका माणसाला आठवडाभर बघायचं, तो काय काय करतो त्याच्या वहीत खुणा करायच्या, आणि मग वाक्य लिहून चिठ्ठी ज्या त्या खुंटीला अडकवायची. कामिनी "आय ईट, ही ईट्स, शी कुक्स" असं घोकत सात दिवस आबांच्या ताटासमोर वही घेऊन बसली. त्या आठवड्यातल्या तीन लग्नांनाही त्यांच्यासोबत गेली. नातीचा आपल्यावर फार जीव, म्हणून आबा खुशीत होते.

शनिवारी पालकसभा झाली. सारा गाव वर्गात दाटीवाटीनं बसलेला. मॅडमनी 'ऑलवेज'च्या खुंटीवरची चिठ्ठी काढून वाचली, "ही ऑलवेज प्रेझेस द वेडिंग फूड. म्हणजे आबा लग्नातल्या जेवणाची नेहमी स्तुती करतात." टाळ्या पडल्या. आबांनी सगळ्यांना नमस्कारसुद्धा केला. वाचत वाचत मॅडम शेवटच्या खुंटीपाशी आल्या. "ही नेव्हर प्रेझेस ग्रँडमाज फूड. आजीच्या जेवणाची कधीच करत नाहीत."

वर्ग खदखदून हसला. सगळ्यात मोठ्यानं हसला तो प्रेमराज आचारी, ज्याच्या पातेल्यांना आबा तीस वर्षं रंगत देत आले होते. धुरपदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "पोरगीनं बराबर लिखं," एवढं बोलून त्यांनी पदर सावरला आणि एकट्याच घरी निघून गेल्या.

आबांना ते लागलं. लोकांचं हसणं त्यांनी पचवलं असतं, पण ती पाठमोरी बाई काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. ते मॅडमना म्हणाले, "ती चिठ्ठी काढी टाका."

"खोटं कसं करू, आबा? वाक्य बदलायचं तर सवय बदला. येत्या आठवड्यात कामिनीच्या वहीत एक खूण पडू द्या, चिठ्ठी मी स्वतः समटाइम्सवर नेते."

एकच खूण! आबांना वाटलं, हातचा मळ आहे. रविवारी भरताचा पहिला घास घेतला, तोंड उघडलं आणि शब्द आला, "पानी." सोमवारी त्यांनी गोठ्यात म्हशीसमोर तालीम केली. म्हशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पण ताटावर बसल्यावर घसा खाकरून ते म्हणाले, "भाजी... गरम शे." कामिनीनं पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

मंगळवारी डोळे गच्च मिटून ते एकदाचे बोलले, "भाजी मस्त जयी!"

धुरपदाबाईंनी हातातली परात खाली ठेवली आणि आबांच्या कपाळाला हात लावला. "ताप उना का तुमले?" मग त्यांनी मुलाला, भूषणला, हाक मारली. भूषणनं आबांना मोटरसायकलवर घालून थेट दोंडाईच्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास काय होतो? भूषण म्हणाला, "भाजीला चांगली म्हणाले." डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, साखर तपासली, काही सापडेना म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. आजारपणातलं बोलणं धरायचं नाही, असं आजी-नातीचं ठरलं. खूण पडली नाही ती नाहीच.

शुक्रवारी गावातच लग्न निघालं. प्रेमराज वाटी घेऊन आला. "आबा, बोला. ऑलवेजना मानूस तुम्ही!" मांडव हसला. आबांनी बोट बुडवलं, डोळे मिटले. मिटले ते उघडेचनात. लोक चुळबुळू लागले. शेवटी आबा म्हणाले, "नई जमनी."

प्रेमराजचा चेहरा उतरला. "काय कमी शे, आबा?"

आता आली का पंचाईत! काय कमी आहे हे सांगायची वेळ आबांवर जन्मात आली नव्हती. ते इकडेतिकडे बघू लागले आणि बायकांच्या घोळक्यावर त्यांची नजर थांबली. "माले काय माहीत? मना घरनी भाजी यानापेक्षा चांगली ऱ्हास, इतलंच माले समजस. काय कमी शे ते तिले ईचार."

सगळ्या माना धुरपदाबाईंकडे वळल्या. त्या आधी लाजल्या, मग उठल्या. वाटी नाकाशी नेली. चाखायचीही गरज पडली नाही. "मसाला कच्चा शे. तेल सुटू दे, मंग उतार." प्रेमराजनं निमूटपणे पातेलं पुन्हा चढवलं. त्या दिवशी पंगत अर्धा तास उशिरा बसली, पण लोक बोटं चाटत उठले. कामिनीनं भर मांडवात खूण केली आणि शनिवारी चिठ्ठी समटाइम्सच्या खुंटीवर गेली.

एकदा बांध फुटल्यावर आबांना आवरणार कोण? भरीत मस्त, आमटी मस्त, चहा मस्त, नुसता कांदासुद्धा मस्त. कामिनीची वही खुणांनी भरत चालली. चौथ्या दिवशी जेवताना ती ओरडली, "आबा, आखो दोन दिन, मंग तुमनी चिठ्ठी ऑलवेजवर!"

धुरपदाबाई भाकरी वाढता वाढता थांबल्या. आठवडाभर नातीची घोकंपट्टी ऐकून पाचही खुंट्या त्यांना पाठ झाल्या होत्या.

"काही गरज नई," त्या म्हणाल्या. "समटाइम्सवर ऱ्हाऊ दे."

"का बरं?" आबांनी दुखावल्या आवाजात विचारलं.

"ऑलवेज तुम्ही लगीननी भाजीले म्हनतस."