नाकातले बोळे

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये वासुदेवरावांनी एकतीस वर्षं काढली. आधी सरकी वेगळी काढणाऱ्या रेच्यावर, मग गठाणी बांधण्यावर. काम अर्धवट टाकून ते कधी घरी आले नाहीत. कापूस बोटांत घेतला की धागा किती लांब निघेल, हे ते डोळे मिटून सांगत.

त्यांच्या सात वर्षांच्या नातीचं, गोपिकाचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. वर्ध्याच्या दवाखान्यात उज्ज्वला सिस्टरनी कापडाच्या घडीवर तेलाचे दोन थेंब टाकले आणि घडी पोरीच्या उशाशी ठेवली. वासुदेवराव बघतच राहिले.

"हे काय होय?"

"लव्हेंडरचं तेल, बाबा. दुखण्याचं औषध तर चालूच आहे. या वासानं लेकरं जरा निवांत होतात. फरक पडते का, ते लिहून ठेवून राह्यलो आमी."

"टाक्याले वास लागते, सिस्टर. जखम पिकते. आमच्या घरी कोणाले टाके असले तं फोडणीबी देत नाई."

"मी कुठं फोडणी देऊन राह्यली?" सिस्टर हसत दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

वासुदेवरावांना हसू आलं नाही. टाके पडलेल्या माणसाच्या नाकात कापूस घालायचा, ही घरची रीत. त्यांनी पिशवीतून कापूस काढला, दोन बारीक बोळे वळले आणि झोपेतल्या गोपिकाच्या नाकपुड्यांत असे बसवले की बाहेरून दिसूही नयेत. काम चोख झालं होतं. पोर जागी झाली तेव्हा 'नाकाले हात लावू नको' म्हणून त्यांनी बजावलं.

दुपारी सिस्टरनी दुखणं मोजायचा हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरला. गोपिकानं सगळ्यात रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. चार वाजता पुन्हा तोच चेहरा. डॉक्टरांनी तिला संध्याकाळी चालवायला सांगितलं होतं, पण ती अंगाला हात लावू देईना.

सिस्टरनी कागदावर लिहिलं, 'काही फरक नाही'.

"म्या सांगतलंच होतं," वासुदेवराव म्हणाले.

पोरीचे सुकलेले ओठ ओले करायला सिस्टर वाकल्या आणि थबकल्या. "तोंडानं काऊन श्वास घेऊन राह्यली ही?" त्यांनी नाकात बॅटरी मारली. आत पांढरं दिसलं.

"कोणं घातलं हे?"

"म्या."

"बाबा, झोपेत आत ओढल्या गेला असता तं? श्वासनळीत अडकला असता तं?"

दुपारपासून पोर कोरड्या घशानं धापा टाकत होती, प्रत्येक धापेला पोटाचे टाके ताणले जात होते, आणि वासुदेवराव शेजारी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत होते. बोळे वळणारा तोच हात.

सिस्टरनी चिमट्यानं बोळे काढले. गोपिकानं नाकानं लांब श्वास ओढला. घडीकडे मान वळवली. अर्ध्या तासानं तक्त्यावरचं तिचं बोट एक चेहरा हसऱ्या बाजूला सरकलं होतं. दुखणं गेलं नव्हतं. पण सिस्टरच्या आधारानं ती उठून बसली, आणि दाराशी जाऊन आली.

"वासानं की नाक मोकळं झाल्यानं, कोण जाणे," सिस्टर म्हणाल्या.

"ते दुपारचं 'फरक नाही' खोडा," वासुदेवराव म्हणाले. "वास तिच्यापर्यंत पोचलाच नाई. आजोबानं बोळे घातले, असं लिहा. नावानिशी."

"नाव कायले, बाबा?"

"ज्यानं केलं त्याचं नाव पायजे."

सिस्टरनी लिहिलं. वासुदेवरावांनी कागद मागून घेतला, बोट ठेवून वाचला आणि परत दिला.

"एक बोळा लिहिला तुमी. दोन होते."