एका कानात बोट

आमच्या थोरल्या जाऊबाईंना गाता येत नाही, हे मी लग्न होऊन सांगलीच्या घरात आले त्याच आठवड्यात मला कळलं. त्यांचं नाव पद्मावती, घरात सगळे अक्का म्हणतात. भाकरी थापताना त्या काहीतरी गुणगुणायच्या. एकाच सुराला चिकटून बसलेलं, मध्येच जरा खाली उतरणारं, परत येऊन तिथंच बसणारं. ना चाल, ना ठेका. शब्द इंग्रजी. मी नवी नवरी, म्हणून तोंड मिटून ऐकलं. पुढं तोंड उघडायची सवय लागली तेव्हा सांगून टाकलं, "अक्का, तुमच्या गाण्यानं दूध नासंल."

"नासू दे. कलाकंद करू," त्या म्हणाल्या. मग तवा पुसत हळूच म्हणाल्या, "तिसरा हिस्सा हाय गं त्यो गाण्याचा. बाकीचं माझ्याजवळ न्हाई."

हे काय प्रकरण आहे ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. अक्कांची आई लवकर गेली. वडील जिनपालअण्णा हळदीचे व्यापारी. पोरगी फाडफाड इंग्रजी बोलली पाहिजे, या हट्टानं त्यांनी तिला पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत नेऊन ठेवलं. तिथं अडचण झाली जेवणाची. आम्ही जैन, आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवतात, आणि शाळेची घंटा व्हायची अंधार पडल्यावर. भटारखान्यातल्या बाईनं तिला आधी ताट वाढायचं कबूल केलं. पण मग बाकीच्या मुली जेवायला बसल्या की ही एकटी. गावाकडची आठवण नेमकी त्याच वेळेला येणार. डोळे पुसत ती व्हरांड्यात फिरायची, आणि हॉलमधून पियानो ऐकू यायचा.

पियानोवर गाण्याच्या म्हाताऱ्या मिस. त्यांनी एकदा हिला आत बोलावलं, आवाज काढायला लावला आणि तो जाडाभरडा आहे म्हणून खूश झाल्या. गाण्यात जाडाभरडा आवाज कुणाला हवा असतो, असं मला वाटायचं. पण मिसच्या गाण्याची रीतच निराळी. आपल्याकडं एक जण म्हणतो आणि बाकीचे मागून तेच ओढतात. तिथं मुलींच्या तीन रांगा. कविता एकच, शब्द तेच, पण तिन्ही रांगांची वाट वेगळी. वरच्या रांगेला चाल. मधल्या रांगेला थोडी चाल, थोडी वळणं. खालच्या रांगेला आमच्या अक्का. एखादी रांग एकटी ऐकली तर वेड्यासारखी वाटणार, तिन्ही एकत्र आल्या की गाणं.

"मिस म्हणायच्या, तू ऐकू आलीस तर चुकलीस. पण थांबलीस तर सगळं खाली येईल."

"म्हंजे सुनेचंच काम की हो," मी म्हटलं. अक्का हसल्या नाहीत.

कविता कुठल्याशा इंग्रज बाईची होती. संध्याकाळी एक पक्षी झाडावर गात बसलाय. बाई त्याला विचारते, दिवस संपला, आता कुणासाठी गातोस? तो म्हणतो, कुणासाठी ते मला ठाऊक नाही, उजेड चाललाय एवढं दिसतंय. तिला चाल लावली होती मिसनीच. कागद मिसच्या हातचे, मिस गेल्या तसे कागदही गेले. म्हणजे जगात ते गाणं कुठं असेल तर त्या मुलींच्या गळ्यात.

मी विचारलं, "इतकी वर्षं त्या पोरींच्या शेजारी उभं राहून गायलात, मग वरची चाल कशी आठवंना?"

तर उत्तर असं: शेजारची चाल ऐकली की खालच्या रांगेतल्या मुली तिकडंच वाहवत जायच्या. म्हणून मिसनी त्यांना शिस्त लावली होती, शेजारच्या बाजूच्या कानात बोट घालून गायचं. बाकीच्या पोरी बोट नुसतं टेकवायच्या आणि चोरून ऐकायच्या. आमची अक्का जिनपालअण्णांची लेक. बोट घाल म्हटलं की घातलं, तेही गच्च.

"दहावीला लग्न ठरलं आणि आले खाली," अक्का म्हणाल्या. "दीपाली, गाण्यात उभी हुते गं मी, पण गाणं ऐकलंच न्हाई मी. मरायच्या आधी एकदा अख्खं ऐकायचं हाय."

बाईनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. साडी आणली तर नेसली, नाही आणली तर विचारलं नाही. आणि मागितलं तर हे. मला रागच आला. मिसचा आला, जिनपालअण्णांचा आला आणि त्या बोटाचा तर फारच आला.

गुणगुणलं की गाणं ओळखणारी सोय फोनवर आहे, ती करून पाहिली. फोननं आधी एक वरातीतलं गाणं सांगितलं, मग हात टेकले. मग मी शाळेच्या माजी मुलींचा व्हॉट्सॲप ग्रुप शोधला, अक्कांच्या नावानं घुसले आणि चौकशा केल्या. अक्कांबरोबर गायलेल्या दोघींचाच काय तो पत्ता लागला. मधल्या रांगेतली ज्ञानदा करोनात गेलेली. वरच्या रांगेतली अश्लेषा वाईत होती, पण महिन्याअखेर मुलाकडं कॅनडाला कायमची निघालेली. मी थोरल्या दिरांना नुसतं सांगितलं, विचारलं नाही. आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं निघालो.

अश्लेषाबाईंच्या घरात अर्ध्या भिंती रिकाम्या, दारात बांधलेल्या बॅगा. त्यांनी अक्कांना मिठी मारली आणि पोहे आणले. "कांदा-बटाटा घातला नाही हं, पद्मा. तुला चालत नाही, लक्षात आहे माझ्या."

अक्कांनी पोहे संपवून बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पक्ष्याचं गाणं म्हण की."

"कुठलं गं?"

अक्कांचा चेहरा मला बघवेना. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बटाटा लक्षात राहिला आणि गाणं विसरलं. अश्लेषाबाईंनी खरंच आठवून पाहिलं, शब्दही काही जुळवले, पण चाल येईना. "फार वर्षं झाली, पद्मा. लग्नानंतर मी गायलेच नाही."

अक्का उठून उभ्या राहिल्या. पदर खोचला, कानात बोट घातलं आणि भाकरीवरचं ते गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या. आणि अश्लेषाबाईंचं तोंड आपोआप उघडलं. आवाज चिरका, थरथरता, पण चाल आली. जमिनीवर पाय टेकावा तशी ती अक्कांच्या सुरावर उभी राहिली.

अश्लेषाबाईंनी गाता गाताच अक्कांचा हात धरून कानातून खाली ओढला.

अक्कांनी ती चाल ऐकली आणि त्या थांबल्या. तोंड उघडं, डोळे भरलेले. त्यांना फक्त ऐकायचं होतं. पण त्या थांबल्या तशी अश्लेषाबाईंची चालही गडगडली.

"थांबू नकोस ना, पद्मा. तू थांबलीस की मला पुढचं येत नाही."

पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. बोट घातलं तर ऐकू येत नाही, बोट काढलं तर गाता येत नाही. शेवटी अक्कांनी दोन्ही हात मागं बांधले, डोळे मिटले आणि त्या ऐकत ऐकत गायला लागल्या. इतकी वर्षं मी ज्याला ना चाल ना ठेका म्हणत होते, ते आता गाणं झालं होतं.

एका जागी दोघी एकदम गप्प झाल्या. मला वाटलं विसरल्या. पण दोघींच्या माना ठेक्यात हलत होत्या. नंतर कळलं, तेवढी ओळ मधल्या रांगेची होती, एकट्या ज्ञानदाची. ती वेळ जाऊ देऊन दोघी पुढच्या शब्दावर बरोबर आल्या.

मी फोनवर सगळं टिपून घेतलं होतं. परतीच्या एसटीत लावलं, तर अश्लेषाबाई खणखणीत आणि अक्का जवळजवळ नाहीतच. फोन अश्लेषाबाईंच्या बाजूला ठेवला होता, माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. मी चडफडले.

"ऐकू आले न्हाई न्हवं?" अक्का म्हणाल्या. "मग बराबर म्हटलं मी." आणि कराड येईपर्यंत खिडकीला टेकून रडल्या.

अश्लेषाबाई गेल्या. तिकडून फोन येतात, पण फोनवर दोघींचा सूर एका वेळेला पोचत नाही, एकीचा दुसरीच्या मागं राहतो. दोनदा करून पाहिलं आणि सोडलं. अक्का परत भाकरी थापताना आपला हिस्सा म्हणायला लागल्या, पण आता मध्येच थांबायच्या, वर बघायच्या. ते मला सोसेना. मी फोन कानाला लावून ती चाल पाठ केली. माझा आवाज म्हणजे फुटका माठ. शब्दही धड येत नाहीत. एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी वरून सुरू केलं. अक्कांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, खालून सूर धरला.

आता दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की आमचं रोज होतं. घरचे दार लोटून घेतात. मी चुकते, अक्का सांभाळून घेतात. आणि ती ज्ञानदाची ओळ आली की आम्ही दोघी गप्प होतो. ती ओळ आता कुणालाच येत नाही. अक्का मान हलवत तेवढा वेळ जाऊ देतात, मी त्यांच्या मानेकडं बघत राहते, आणि मग आम्ही पुढं म्हणतो.